कंपनीनं चूक कबूल केली!

मला पोलिसांनी पकडून मुंबईला नेलं नव्हतं. हे मी लोणावळ्यात इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय, की हल्ली सांगताना माझंच मन डळमळायला लागतं. मी मुंबईला गेलो होतो, सोबत हवालदार होता, त्याच्या कमरेला बेड्या होत्या आणि त्यानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. इथवर सगळं खरं आहे. पण पकडलं नव्हतं!

त्याचं असं झालं. लोणावळ्याशेजारी तुंगार्लीला मुंबईच्या एका शेठचे बंगले होते, ते मी सांभाळत असे. शेठ मला 'मॅनेजर' म्हणत. माळी मला 'सायब' म्हणत. तळेगावला राहणारे माझे सासरे मला 'दुसऱ्यांच्या घरांचा राखणदार' म्हणत, आणि तेही मी समोर बसलेला असताना. सासरे मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. जावई निदान अव्वल कारकून तरी असावा अशी त्यांची फार इच्छा होती. (मी मॅट्रिकला जे गुण मिळवले त्यावर अव्वल कारकुनी मिळत नाही. कुठलीच कारकुनी मिळत नाही.)

त्या वर्षी तुंगार्लीत एक बिबट्या फिरायला लागला. आधी त्यानं गावातली कुत्री नेली, तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग एके दिवशी त्यानं शेठचं विलायती कुत्रं नेलं, आणि सरकार हललं! शेठची कलेक्टरसाहेबांकडे उठबस होती. महिन्याभरात माझ्या नावानं लायसन आलं आणि त्यामागोमाग लाकडी पेटीतून एक कोरं करकरीत विलायती पिस्तूल आलं. सहा गोळ्यांचं, फिरत्या चक्राचं, काळंभोर, आणि इतकं देखणं की मी ते दिवसातून अनेकदा काढून नुसतं पुसत बसायचो.

"अहो, बिबट्या येतो तेव्हाही पुसत बसू नका म्हणजे झालं," माझी बायको इंदू म्हणाली.

दसरा जवळ आला होता. नवलाख उंबरे गावाहून आमचे थोरले चुलते, आबा, मुद्दाम पिस्तूल बघायला आले. शस्त्रपूजा थाटात झाली. पाटावर विळे, कोयते, आबांनी आणलेली पणजोबांची तलवार आणि मधोमध पिस्तूल. इंदूनं मनोभावे हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. ती कुठलंही काम वरवर करत नाही. पूजाही तिनं आतून-बाहेरून केली. पुढे विलायती माणसाला त्याचा खुलासा मला करावा लागेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येणार?

पूजा झाल्यावर बंगल्याच्या मागच्या दगडी गडग्यावर एक मडकं ठेवलं. माळी, त्यांच्या बायका, शेजारच्या बंगल्यातली स्वैपाकी मंडळी, सगळी लांब उभी राहिली. इंदूनं कानांत बोटं घातली. मी एक डोळा मिटून, श्वास रोखून चाप ओढला.

खट्.

पुन्हा ओढला. खट्. सगळ्या गोळ्या संपेपर्यंत खट्, खट्, खट्. मडकं जागच्या जागी. इंदूनं एका कानातलं बोट काढून विचारलं, "झालं का हो?"

आबांनी पिस्तूल हातात घेतलं, वजन पाहिलं आणि परत दिलं. "दामू, वजन बरं हाय. फेकून मारलं तर लागंल वाघाला."

मी म्हटलं, "आबा, नवीन आहे. पहिल्यांदा असं होतं."

"व्हय व्हय," आबा म्हणाले. "वाघ आला की त्याला म्हन, जरा दम धर बाबा, नवीन हाय."

बिबट्यानं ते ऐकलं असावं. चारच दिवसांत तिन्हीसांजेला तो आमच्या पडवीच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. आमची शेळी खांबाला बांधलेली. मी आतून पिस्तूल घेऊन धावत आलो, नेम धरला (बिबट्या इतका जवळ होता की नेम धरायची खरं तर गरज नव्हती) आणि चाप ओढला. खट्. बिबट्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खट्. तो चक्क खाली बसला! त्याला त्या आवाजाची मजा वाटायला लागली असावी. तेवढ्यात इंदू स्वैपाकघरातून रॉकेलचा रिकामा डबा आणि लाटणं घेऊन आली आणि तिनं असा काही डबा बडवला, की बिबट्या एका उडीत गडग्यापलीकडे.

"याला लायसन लागत नाही," डबा खाली ठेवत ती म्हणाली.

शेळी वाचली, मी वाचलो. पण पुढच्या खेपेला इंदू पाण्याला गेलेली असली तर? त्या रात्रीच मी कंपनीला पत्र लिहायला बसलो.

कंपनी विलायतेतली, पण तिची एक कचेरी मुंबईत फोर्टात होती. तिथल्या साहेबाचं उत्तर लगेच आलं. खाली 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' अशी सही. आज्ञाधारक सेवकानं विचारलं होतं, तेल घातलं होतं का? मी तेल घातलं. खट्. तसं कळवलं. आज्ञाधारक सेवकानं लिहिलं, लोणावळ्यास पाऊस फार असल्याचं आमच्या कानावर आहे, सबब काडतुसं दमट झाली असावीत, तरी कोरड्या हवेच्या ठिकाणी उडवून पाहावीत. म्हणजे आता बिबट्याला घेऊन मी सोलापूरला जायचं! मी जरा कडक शब्दांत लिहिलं. त्यावर त्यानं कळवलं, की आमच्या कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक हत्यार उडवून पाहिलेलं असतं, त्यामुळे ते उडत नाही हे संभवत नाही, तरीही आपला आग्रहच असेल तर हत्यार आमच्याकडे पाठवावं.

मी पिस्तूल कापडात शिवून पोस्टात नेलं.

"काय आहे आत?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"पिस्तूल."

पोस्टमास्तर खाली वाकले. मला वाटलं शिक्का शोधतायत. बराच वेळ वर आले नाहीत तेव्हा मीच म्हटलं, "अहो, उडत नाही ते!" मग टेबलाखालूनच उत्तर आलं, की असला माल पोस्ट घेत नाही, फौजदारांना विचारा.

फौजदार भला माणूस होता. त्यानं लायसन दोनदा वाचलं. "हे फक्त पुणे जिल्ह्यापुरतं आहे. पिस्तूल घेऊन घाट उतरलात की तुम्ही गुन्हेगार."

"मग दुरुस्त कसं करायचं?"

"पिस्तूल पोलिसांच्या ताब्यात जाईल, सोबत तुम्ही जायचं. आमचा हवालदार देतो."

तो हवालदार म्हणजे गेनू. अंगानं आडवातिडवा, गलमिशा कानापर्यंत, आणि मनानं लहान मूल. तो कधीच कर्जतच्या पुढे गेला नव्हता. मुंबईत माणसं हरवतात असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. सकाळी स्टेशनात शिरल्या शिरल्या त्यानं माझं मनगट धरलं.

"हवालदार, हे लोणावळा आहे," मी म्हणालो.

"आत्तापास्नं सवय केल्याली बरी," गेनू म्हणाला. "सुटलो तर तुमी एकीकडं नि मी एकीकडं. मग कुटं हुडकू तुमाला?"

थंडी कडाक्याची होती, म्हणून मी डोक्यावरून मफलर घेतला होता. नुसते डोळे उघडे. गेनूच्या एका हातात लाखेनं मोहोरबंद केलेली पिशवी, दुसऱ्या हातात मी आणि कमरेला बेड्या. ("कमरंला नसल्या तर उघडं उघडं वाटतं," असं तो म्हणाला.) अशा थाटात आम्ही फलाटावर उभे असताना समोरून तुंगार्लीचा दूधवाला आला. तो जागीच थिजला.

मी मफलर खाली करून म्हटलं, "घरी सांग, काळजी करू नका. उद्या संध्याकाळपर्यंत सोडतील असं वाटतं." मला म्हणायचं होतं की कंपनीवाले कामातून सोडतील.

दूधवाल्याचे डोळे भरून आले. "पिशवीत काय हाय?" त्यानं हळूच विचारलं.

"पिस्तूल," गेनू करड्या आवाजात म्हणाला. "सरकारजमा."

ते दिवस चळवळीचे होते. रोज कुठे ना कुठे धरपकड चाललेली. दूधवाला दुधाच्या कासंड्या तिथेच ठेवून पळाला. आमची गाडी बोगद्यात शिरायच्या आत बातमी लोणावळ्याच्या बाजारात पोचली होती.

मुंबईतल्या कंपनीच्या कचेरीत आज्ञाधारक सेवक प्रत्यक्षात साडेसहा फूट उंच निघाला. त्यानं पिशवीची मोहोर फोडली, पिस्तूल उघडलं, नळीतून पाहिलं आणि पुढ्यातल्या कागदावर पिस्तूल आपटलं. कागदावर लाल-पिवळी भुकटी पडली. मग एक तांदळाचा दाणा पडला.

"हे काय आहे?" साहेबानं इंग्रजीत विचारलं.

मला 'हळदकुंकू'चं इंग्रजी येईना. "साहेब, ही… विवाहित स्त्रियांची पावडर आहे."

"पिस्तुलात?"

"सण होता, साहेब."

"आणि तांदूळ?"

"तोही त्याच सणाचा."

साहेबानं तो दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की मी समजलो, आपण हरलो. त्यानं पिस्तूल स्वच्छ पुसलं, तेल घातलं, आपली कोरडी काडतुसं भरली आणि आम्हाला तळघरात नेलं. तिथं वाळूची पोती रचलेली होती. "आता बघा," तो म्हणाला. "हत्यारात दोष नाही, दोष वापरणाऱ्यात असतो."

खट्.

साहेबाच्या भुवया वर गेल्या. खट्. कपाळावर घाम. खट्. मला खोटं बोलायचं नाही, इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी गेनूकडे पाहून डोळा मिचकावला. साहेबानं पिस्तूल खाली केलं, हलवलं, कानाशी नेऊन ऐकलं, मग वैतागून बाजूला धरून सहज म्हणून चाप ओढला.

धाडकन् आवाज झाला! तळघरभर धूर. भिंतीवरचं कंपनीचं भलंमोठं घड्याळ फुटून खाली आलं. मी जमिनीवर आडवा, गेनू माझ्यावर आडवा, आणि या सगळ्यात त्यानं माझं मनगट सोडलेलं नव्हतं! धूर निवळल्यावर गेनू उठला, गणवेश झटकला आणि साहेबासमोर ताठ उभा राहिला.

"सायब, तुमचं लायसन दावा."

साहेबाला मराठी कळलं नाही, पण गेनूचा चेहरा कळला. आम्ही वर गेलो. एका कारागिरानं पिस्तूल खोलून सांगितलं, की आतला घोडा काडतुसावर पुरता आपटतच नाही, चुकून कधीतरी आपटतो. बनवतानाच चुकलंय. साहेबानं खुर्चीतून उठून माझी माफी मागितली. कंपनी विलायतेहून नवीन पिस्तूल मागवून देईल असं वचन दिलं, आणि आम्हाला चहा पाजला. गेनू तो डाव्या हातानं प्यायला, कारण उजव्यात मी होतो.

इकडे घरी काय झालं ते मला इंदूनं मागाहून सांगितलं. बातमी नवलाख उंबऱ्याला गेली, तळेगावला गेली. दुपारच्या गाडीनं सासरे हजर! दारातच त्यांनी इंदूला जवळ घेतलं. "पोरी, मी ह्या माणसाला ओळखलं नाही!"

"बाबा, ते पिस्तूल दुरुस्तीला गेलेत."

"शाब्बास!" सासऱ्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "कोणीही विचारलं तरी हेच सांगायचं. पोलिसांनी नखं उपटली तरी हेच!"

"अहो पण खरंच—"

"भिंतींना कान असतात, इंदू. झडती येईल. कागद कुठे आहेत?"

सासऱ्यांनी कपाट रिकामं केलं आणि इंग्रजीत लिहिलेला एकूण एक कागद न्हाणीघरातल्या बंबात घातला. त्यात कंपनीची पत्रं गेली, गुलाबांना कोणतं खत घालावं याचं शेठनं पाठवलेलं टिपण गेलं आणि माझी मॅट्रिकची गुणपत्रिका गेली. (या शेवटच्या कागदाबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.) आबा उंबऱ्याहून आले, ते शिल्लक काडतुसं धोतराच्या सोग्यात बांधून गुपचूप तुंगार्लीच्या तळ्यात टाकून आले. इंदू दिवसभर खरं सांगत होती आणि दिवसभर सगळे तिचं कौतुक करत होते. शेवटी ती दमली आणि सगळ्यांसाठी पिठलं टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची गाडी लोणावळ्यात शिरली. फलाटावर ही गर्दी! मी गेनूला म्हटलं, "कोणीतरी पुढारी आहे वाटतं गाडीत." खाली उतरतो तो जयजयकार सुरू झाला आणि माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं. हार माझाच होता! गेनू वर डब्यात बाकाखाली आपला फराळाचा डबा शोधत होता. तेवढ्यात सासऱ्यांनी मला मिठी मारली. "जावईबापू!" लग्नानंतर प्रथमच त्यांनी मला जावईबापू म्हटलं. मला दूधवाल्याचे भरलेले डोळे आठवले आणि काय झालंय हे माझ्या लक्षात आलं.

"मंडळी, ऐका!" मी हात वर केला. "तुमचा गैरसमज झालाय! मी फक्त दुरुस्तीला गेलो होतो!"

"दुरुस्ती झालीच पाहिजे!" कोणीतरी ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट.

"अहो, तसं नाही! कंपनीच्या मालात खोट होती. कंपनीनं चूक कबूल केली!"

"कंपनी सरकारनं चूक कबूल केली!" गर्दी उसळली. टोप्या हवेत उडाल्या. (आमच्याकडे जुनी माणसं इंग्रज सरकारला अजून कंपनी सरकारच म्हणत.)

"साहेबानं स्वतः उठून माझी माफी मागितली हो! काय सांगतोय ते ऐका तरी!"

इतकं बोलल्यावर तर मला कोणीतरी खांद्यावरच घेतलं. वरून मला आबा दिसले, डोळे पुसताना. सासरे छाती पुढे काढून अनोळखी माणसांना सांगत होते, "आमचे जावई. तळेगावची मुलगी दिलीय." गर्दीच्या कडेला इंदू उभी होती. ती पदर तोंडावर घेऊन गदगदा हलत होती. लोकांना वाटलं रडतेय. मी नवरा आहे, मला कळत होतं ती काय करतेय ते.

"आता जुनं जाणार, नवीन येणार!" मी शेवटचा प्रयत्न केला. मला पिस्तूल म्हणायचं होतं. पण तो शब्द जयजयकारात कुठल्या कुठे वाहून गेला.

तेवढ्यात गेनू डबा घेऊन खाली उतरला. मी त्याच्या हातून सुटलेला पाहून तो गर्दी कापत, मला हाका मारत आला. "ओ दामूभाऊ! ओ! आवो, त्यास्नी खाली उतरवा! त्यास्नी काय झालंय? त्यांचं पिस्तूल उडंना म्हून दुकानात दावाया गेलतो आमी! सायबानं च्या पाजला, नवं दितो म्हनाला, झालं!"

मला खाली ठेवण्यात आलं, आणि ज्यानं ठेवलं त्यानं ते फारसं जपून केलं नाही. "दुकानात?" कोणीतरी विचारलं. "च्या पाजला," कोणीतरी उत्तर दिलं. पाहता पाहता फलाट मोकळा झाला. हारवाल्यानं जाता जाता माझ्या गळ्याकडे एकदा पाहिलं. आबा म्हणाले, "दामू, मी काडतुसं तळ्यात टाकली रं," आणि कपाळाला हात लावून बाकावर बसले.

सासरे रुळांकडे तोंड करून वळले. मग इंदूला म्हणाले, "तळेगावला गाडी कितीला आहे, विचार जरा यांना." यांना म्हणजे मला. माझ्याशी सरळ बोलणं संपलं होतं.

घरी जाताना मी इंदूला म्हटलं, "तुला तर माहीत होतं. तू का नाही ओरडून सांगितलंस?"

"दीड दिवस बाबा मला धन्य धन्य म्हणत होते हो," ती म्हणाली. "तुमच्याशी लग्न केल्याबद्दल! हवालदार अजून घटकाभर डबा शोधत राहिला असता, तर काय बिघडलं असतं?"

बिघडायचं ते पुढच्या आठवड्यात बिघडलं. फौजदारानं मला बोलावून एक कागद वाचून दाखवला. सदर इसमानं स्टेशनावर जमावापुढे 'कंपनीने चूक कबूल केली, साहेबाने माफी मागितली, आता जुनं जाणार' असं प्रक्षोभक भाषण केल्याबद्दल त्याचं लायसन रद्द.

"अहो, पण ती पिस्तुलाची कंपनी!"

"ते मला माहीत आहे," फौजदार हळहळून म्हणाला. "पुण्याच्या साहेबांना कसं पटवू? वाचताना मलासुद्धा भाषण बरं वाटलं."

काही महिन्यांनी विलायतेहून नवीन पिस्तूल आलं. फौजदारानं मला चौकीवर बोलावलं, मागच्या अंगणात माझ्यासमोर त्यानं ते उडवलं. पहिल्याच गोळीला मडक्याच्या ठिकऱ्या! मी मिळाल्याची सही केली आणि त्यानं ते कुलपात ठेवून दिलं. बिबट्या आपणहून ढाकच्या जंगलाकडे निघून गेला. आमच्या घरच्या रॉकेलच्या डब्याला मात्र तोवर खूप पोचे आले होते.

त्यानंतर आज्ञाधारक सेवकाचं पत्र आलं. नवीन हत्यार कसं चालतंय, त्याबद्दल काही तक्रार आहे का? मी बराच वेळ विचार करून, शब्दकोश समोर घेऊन, माझ्या सर्वोत्तम इंग्रजीत उत्तर लिहिलं: साहेब, हत्यार निर्दोष आहे. दोष आता फक्त मालकात उरला आहे, आणि तो बनवतानाच राहिलेला असल्यामुळे बदलून मिळण्यासारखा नाही.